चाळीस तास

न्यायाधीशबाईंनी मला चाळीस तास दिले.
रेल्वेपुलाखालच्या भिंतीवर
मी आईचं नाव रंगवलं होतं, निळ्यात,
सात फूट उंच.
"नाव छान आहे," त्या म्हणाल्या,
"भिंत तुझी नाही."

म्हणून शनिवारी नऊला
गॅरी गावात, बाराव्या रस्त्यावर,
व्हर्नेलबाईंच्या लाँड्रीत हजर.
ग्रंथालयाची शाखा बंद पडली त्या आठवड्यात
बाईंनी खोकीच्या खोकी पुस्तकं उचलून आणली,
ड्रायरच्या माथ्यावर रचली.
आपल्या काळ्या माणसांनी लिहिलेली पुढे,
लहान पोराच्याही हाताला येतील अशी.
तिथल्या कादंबऱ्या बारा महिने ऊबदार असतात
आणि त्यांना साबणाचा वास येतो.

माझ्या वाट्याला आले क्लेटस टॉलिव्हर.
वय एकाहत्तर. पोलादाच्या भट्टीवर चौतीस वर्षं,
उजव्या हाताची दोन बोटं भट्टीनं ठेवून घेतलेली.
"मला अक्षरं वाचता येत नाहीत," म्हणाले,
"तोंडं येतात.
तुझ्या तोंडावर 'म्हातारा ढ आहे' असं लिहिलंय का,
तेवढं आधी बघू दे."

मी बदकाचं पुस्तक उघडलं.
त्यांनी ते मिटलं, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावावं तसं,
आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला.
आत अंत्यविधीच्या घडीपत्रिका.
पुढे फोटो, आत आयुष्य.
"ह्यातल्या बहुतेकांना खांदा दिलाय मी.
फोटो ओळखतो.
आत काय छापलंय ते कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही."

तर आमची अंकलिपी ही अशी:
ओ ऑटिसचा.
एफ फ्लोरीनचा, त्यांच्या बहिणीचा.
सगळ्यात वरची निळी घडी मी दर वेळी
बाजूला सारायचो. ते बघायचे, बोलायचे नाहीत.

ऑटिसला तीन शनिवार लागले.
उरलेल्या बोटानं ओळ गिरवत, अडत, ठेचकाळत:
"त्यांच्या डब्यात, एक सँडविच जास्त असे,
मागणाऱ्याला मागावं लागू नये म्हणून."
क्लेटस थांबले.
"ते मी खायचो," म्हणाले.
मग बराच वेळ फक्त यंत्रं फिरत होती.

सातव्या शनिवारी ते म्हणाले,
"पोरा, हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय.
इथे कुणीच मरत नाही, बघ.
प्रत्येक जण शेवटी बूट काढून ठेवतो."
खरंच की. आणि स्वल्पविराम नेहमी एक शब्द आधी.
खाली नाव मात्र कुणाचंच नाही.

मागे चादरीची घडी घालणारे हात थबकले.
"पेपरवाले शब्दामागे पैसे घ्यायचे," व्हर्नेलबाई म्हणाल्या,
"चर्चची पत्रिका फुकट.
म्हणून मी जरा लांबण लावायचे."
किती वर्षं?
"एकतीस."
कुणी कौतुक केलं कधी?
"वर काय छापलंय वाच की:
परिचय, मनात वाचावा."

तेव्हा क्लेटस उभे राहिले.
फ्लोरीनची घडी नाकाजवळ धरून
मोठ्यानं, चुकत, एक ओळ दोनदा वाचत,
अख्खी बहीण वाचून काढली.
नाण्यासाठी खिसे चाचपणारी एक बाई
तशीच उभी राहिली.
व्हर्नेलबाई चादरीआड होत्या.
चादर हलत होती.

माझे तास भरले. फॉर्मवर बाईंनी सही केली.
हुद्द्याच्या रकान्यात त्या 'लाँड्री' लिहिणार,
तेवढ्यात क्लेटसनी पेन काढून घेतलं
आणि ठळक लिहिलं: लेखिका.
एक अक्षर उलटं, एक गहाळ.

कोर्टानं फॉर्म परत पाठवला. वाचता येत नाही म्हणे.

नवा भरून घ्यायला गेलो
तर टेबलावर डबा उघडा होता
आणि माझ्या खुर्चीसमोर निळी घडी.
"बस," क्लेटस म्हणाले,
"आता तू.
आणि मनात नाही."