रिकाम्या ट्रॉलीचं वजन

मडगार्डखालच्या पत्र्यावर, ग्रीस पुसलं की दिसतं:
ओढक्षमता तीस क्विंटल.
पुस्तिकेच्या एकसष्टाव्या पानावर, चहाच्या डागाच्या जरा वर:
पंचेचाळीस.
वरूडच्या शोरूममधला तक्ता म्हणतो साठ.
तक्त्यातल्या ट्रॅक्टरवर एक हसरा माणूस बसलाय,
त्याच्या सदऱ्यावर धूळ नाही.
आरसीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

ट्रॅक्टर एक, कंपनी एक,
आणि हे चार कागद
वाटणीला बसलेल्या भावांसारखे,
एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही.

कंपनीच्या नंबरवर फोन लावला.
पोरगी गोड बोलली. म्हणाली, मॅडम, पत्र्यावरचंच धरा.
मग म्हणाली, थांबा, पुस्तिका नवी असेल तर पुस्तिका धरा.
मग बासरी वाजत राहिली
आणि तव्यावरची भाकर करपली.

आरटीओबाहेरचा एजंट म्हणाला,
पकडलं तर कमीवालं, नाही पकडलं तर जास्तवालं.
त्याचं उत्तर निदान पाठ होतं.

प्रफुल्ल म्हणे, 'काहून इतका इचार करतं ताई?
दरसाली दोनशे कॅरेट भरतो आपण.
ट्रॅक्टर काही बोललं का?'

बोललं होतं.
मागच्या आंबियाला, खडकाडीच्या उतारावर,
ब्रेकवर पाय पुरता खाली गेला
आणि ट्रॉली मागून ढकलत राहिली,
पंगतीसाठी दारात रेटणाऱ्या वऱ्हाड्यासारखी.
नाल्याच्या रपट्यावर आपोआप थांबलो.
संत्री एकही सांडली नाही,
म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही.

हबीब मिस्त्रीनं पुस्तिका हातात घेतलीच नाही.
टायरवर टेकून म्हणाला,
'ओढाचं काय, थो डोंगर बी ओढन.
थांबोता किती येते, थे पाह्य.'
आणि पाना शोधायला आत गेला.

जिनिंगजवळच्या काट्यावर मी ट्रॉली नेली. रिकामी.
मोरेश्वर खिडकीतून ओरडला,
'भरून आण ना वो, हवा जोखाले आणली का?'
पावती निघाली: तेरा क्विंटल ऐंशी.

तिथंच, काट्याच्या लोखंडावर उभी राहून
पंचेचाळीसमधून तेरा ऐंशी वजा केले.
एकतीस क्विंटल वीस.
म्हणजे पुस्तिका ट्रॉलीसकट बोलत होती
आणि पत्रा नुसत्या मालाचं.
दोघं खोटं बोलत नव्हते,
दोघांनी फक्त एकमेकांना सांगितलं नव्हतं.
साठवाल्या तक्त्याचं काहीच जुळलं नाही.
तो माणूस हसतोच आहे.

तरी एकशे वीस किलो उरले.
इंजिनिअरनं आकडा गोल केला असेल.
पण मला सुभद्राबाई खासबागे आठवली
आणि तिची सून ज्योत्स्ना.
तोडा संपला की दोघी कॅरेटांच्या थरावर चढतात,
पायात पाय गुंतवून, डब्याची पिशवी मांडीत,
आणि गावापर्यंत बोलत येतात.
कोणत्याच कागदात त्या नाहीत.
माझ्याही हिशेबात नव्हत्या.

बावीस किलोचं एक, अशी एकशे छत्तीस कॅरेट भरली.
आठ किलो सोडून दिले.
प्रफुल्ल मोजत होता, मोठ्यानं,
एकशे छत्तिसाला थांबलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं
आणि उरलेल्या कॅरेटांवर पोतं टाकलं.

खडकाडीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली.
म्हटलं, मावशे, एवढा उतार पायी उतरा.
सुभद्राबाई चपला हातात घेऊन उतरली.
'आमचं बी वजन धरलं का वो माय?'
धरलं, म्हटलं.
'किती भरलं?'
सुनेनं तिला कोपरानं ढोसलं.

ब्रेकवर पाय अर्ध्यातच थांबला.
खाली रपट्यावर इंजिन चालू ठेवून
त्यांची वाट पाहत बसले.
दोघी येत होत्या रमतगमत,
वरून गिट्टी घरंगळत येई
त्यांच्या आधी.

दुसऱ्या खेपेला डिझेल जातं, प्रफुल्ल म्हणतो.
जातं.