मीठ

आठव्या महिन्यात बासिलिया
नवऱ्याचे बूट घालून फिरायला लागली.
अंगठी साबण लावूनही निघेना.
सासूने घरातलं मीठ लपवून ठेवलं.
आता दाराबाहेर बघावं तर
क्षितिजापर्यंत मीठच,
फावड्याने ओढायचं, ढीग घालायचे,
ट्रक येईपर्यंत.

परवा म्हणाली, डोळ्यांपुढे काजवे चमकतात.
उयुनीच्या उन्हात कुणाच्या चमकत नाहीत?
काळा चष्मा विसरलीस, म्हणून
मीच तिला रागावले
आणि पट्टा बांधला नाही.
नोंदवहीत हे नाही. इथे लिहिते.

आज बांधला.
एकशे ऐंशी.
दुसऱ्या दंडाला बांधला. एकशे ऐंशी.
"चिमूटभरसुद्धा खाल्लं नाही हो, सिस्टर,"
चोरी पकडल्यासारखी ती म्हणाली.

मिठाचा दोष नाही, बासिलिया.
तुझाही नाही.
आत वार रुसली आहे, एवढंच धर.
आणि ही हवा, बारा हजार फुटांवरची,
दोघांना पुरेल इतकी कधी नव्हतीच.

सुई भरताना सासूने विचारलं, हे काय?
खोटं सुचलं नाही.
मीठच आहे, म्हटलं, वेगळ्या जातीचं,
झटके येऊ नयेत म्हणून.
म्हातारी बाटलीकडे बघत राहिली,
मग तिलाच दम भरला:
मिठाला जाग गं बाई.

गाडी निघाली,
पांढऱ्यावर पांढरी,
मैलभरातच दिसेनाशी झाली.
मी चष्मा काढून उभी राहिले.
काजवे दिसले.
पापण्या मिटल्या, की विझले.
तिचे विझत नव्हते.
एवढं विचारायचं राहिलं होतं.