तो इथेच असतो

थंडर बे. उणे एकतीस.
व्हॅनचं हँडल हातमोज्याला चिकटून येत होतं.
काम साधंच: घराला लागून गॅरेज, एका गाडीचं,
छताला विजेचा हीटर, त्याला वेगळी लाइन.

गाडी बाहेर बर्फात. आत दोन घोड्यांवर
पालथी पडलेली लाकडी होडी, अर्धी व्हार्निश केलेली.
"थंडीत वाळतच नाही," कारिना ओलिला म्हणाल्या,
अंगात नवऱ्याचा कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या.
"शेजारचा डेल रॉकेलचा हीटर देतोय. फुकट.
म्हणतो, दहा मिनिटांत जून महिना."

मी शिडी टेकवली.
भिंतीपलीकडे कोण झोपतं, विचारलं.
"नात. परीक्षा आहेत तिच्या."

मग डेलला त्याचा जून त्याच्याकडेच ठेवू दे.
त्या वायूला वास नाही, रंग नाही,
शटर वीतभर उघडं ठेवलं म्हणून तो निघून जात नाही.
पाइपच्या भोकातून, स्विचच्या फटीतून
आत जातो,
आणि झोपलेल्याला आणखी झोपवतो.

एवढं बोलायची मला सवय नाही.
मुकाट्याने भोकं बुजवली. घराच्या दाराला रबर लावलं.
नातीच्या खोलीबाहेर अलार्म. बटण दाबून दाखवलं,
तर कुत्रं पलंगाखाली गेलं
ते संध्याकाळपर्यंत आलं नाही.

हीटर वर, जितका वर जाईल तितका.
पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत रांगते.
चिंध्या सुट्या पसरून बाहेर वाळवा,
व्हार्निशचा बोळा आपल्याआप पेटतो.
आणि तो कोपऱ्यातला डबा.

लाल डबा. चिकटपट्टीवर पेन्सिलीने,
शाळेत घोटतात तशा अक्षरांत:
फक्त करवतीसाठी.

"तो इथेच असतो," त्या म्हणाल्या.
मी शिडीवरून उतरलो नाही.
कोण, ते विचारलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच डबा उचलला,
डोक्याला काही न बांधता अंगण ओलांडलं,
शेडपर्यंत गुडघाभर खड्ड्यांची रांग.
परत आल्या तेव्हा बोटावर चिकटपट्टी.
भिंतीवर लावली. पडली.
पुन्हा लावली. पडली.
थंडीत गोंद धरत नाही, मी म्हटलं. उगाच म्हटलं.

ब्रेकर वर केला. पंखा घरघरला,
जळक्या धुळीचा पहिला वास आला, तो येतोच.
जाताना शेडमध्ये डोकावून
बिननावाच्या डब्यावर मार्करने लिहिलं:
तेल मिसळलेलं पेट्रोल.
नातीला कळायला हवं.

बिलावर सही घ्यायला परत आत गेलो,
तेव्हा काटा नऊवर होता
आणि थर्मोस्टॅटच्या खाली, थोडी वाकडी,
पट्टी धरून राहिली होती.