दारातून विचारलं तर

तूरडाळीची पिवळी धूळ
कीबोर्डच्या फटींत बसलेली.
एंटर दाबायला अंगठा लागतो.
बाहेर गिरणी धडधडते, आत पंखा नुसती मान हलवतो,
आणि काशिनाथअप्पा म्हणतात,
"रोज आठ-नऊ रुपयं कमी येलालेत, पोरी.
लई नाहीत. पण कुठं जातेत?"

उदगीरच्या या गिरणीचा हिशेब
मन्मथ बिरादारनं लिहिला, नऊ वर्षांपूर्वी, पीएचपीत.
मागं कागद नाही, टिपण नाही.
त्याचा नंबर लावला तर
कुणी बाई उचलते, कानडीत दोन शब्द बोलते, ठेवते.

म्हणून म्हटलं, ऑब्जेक्टलाच विचारावं.
त्याचं नाव 'काटा'.
तीन हजार ओळी वाचत बसण्याआधी
एका ओळीत विचारता येतं:
बाबा रे, तुला काय काय येतं?

यादी सरसर उतरली.
वजन_घे.
पोतं_वजा_कर.
पट्टी_छाप. पट्टी_पुन्हा_छाप.
लाईट_गेली_तर.
अप्पांना_दाखव.
त्याखाली बापाकडून आलेल्या तीन:
उघड, मिट, जपून_ठेव.
बाप 'यंत्र' नावाच्या दुसऱ्या फाइलीत राहतो,
फारसा बोलत नाही.

नऊ मेथड.
एकेकीत हात घालून बघितलं.
कुठंच पैसे सांडत नव्हते.

डबा खाताना, ज्वारीच्या भाकरीचा तिसरा घास तोंडात असताना
लातूरच्या क्लासमधले भुरे सर आठवले.
फळ्यावर त्यांनी एक चौकोन काढला होता,
चौकोनाला उंबरा काढला होता.
म्हणाले होते, हा प्रश्न बाहेर उभं राहून विचाराल
तर बाहेरच्याला सांगायचं तेवढंच तो सांगेल.
आत जा. आणि मग विचारा.
आम्ही वहीत चौकोन काढला, उंबऱ्यासकट,
आणि विसरून गेलो.

हात धुतले.
तोच प्रश्न, अक्षरही न बदलता,
काट्याच्या पोटात नेऊन ठेवला.

बारा.

ओल_मोज. ही बिचारी सरळ.

नंतर_बघू. हिच्या आत एकच ओळ:
'हो' म्हणते आणि परत जाते.
चार ठिकाणांहून हिला हाक जाते.
कशाला ठेवलीय म्हणून काढली,
तर बाहेर काट्याचा आकडाच विझला,
ट्रकवाला शिट्ट्या मारायला लागला.
हात जोडून परत ठेवली.

आणि बारावी,
हमालाचं_वर.
हमाली पैशांत अडकली
की पुढच्या रुपयावर नेऊन ठेवायची.
खाली कधीच नाही.
अख्ख्या फाइलीत मन्मथचा एकच शेरा, हिच्या डोक्यावर:
"गैबीसाब सुट्टे मागत नाहीत."

मी काचेतून बाहेर पाहिलं.
गैबीसाब आता पोती उचलत नाहीत.
आकडी खिळ्याला टांगून काट्याशी बसतात,
पोरांना म्हणतात, सरळ ठेव, कोपऱ्यात नको, सरळ.
त्यांना ठाऊक असेल का?
की नऊ वर्षं त्यांना वाटत आलंय
की या मशिनला पैसे कळतच नाहीत?

कर्सर त्या ओळीवर उभा होता,
उघडझाप करत.
दोन तिरक्या रेघा मारल्या की ती गप्प.
एवढंच काम होतं माझं.
त्याचेच पैसे ठरले होते.

अप्पा आले.
एक पाय आत, एक चपलेत.
"काय सापडलं?"

मी नऊही सांगितल्या. नावानिशी.
लाईट गेली तर काय होतं
तेही समजावलं, हातवारे करून.
अप्पा दारातून विचारत होते.

"आन् ते आठ-नऊ?"

"नंतर बघू, अप्पा."

"हो," म्हणाले,
आणि परत गेले.