डावा हात

आमच्या कानांत साचे अजून चालतात.
मिल बंद पडून वीस वर्षं झाली,
चिमणीवर पिंपळ उगवला,
पण रात्री उशीला कान लावला की
दुसरी पाळी सुरू.

म्हणून दिघेबाई परदेशीपुऱ्यातल्या शाळेत
"गायला कोण कोण येणार?" विचारत आल्या
तेव्हा आम्ही हसलो. बौरासी म्हणाला,
बाई, इथे हाक मारायची तर खांदा हलवावा लागतो.

बाई म्हणाल्या, दिसतं तरी ना?

त्यांची कारकीर्द आम्हाला कटपीससारखी मिळाली,
तुकड्यातुकड्यांनी, चहाच्या सुट्टीत.
वडील पोलिस बँडात क्लॅरिनेटवर,
परेडला जाताना पोरगी सायकलच्या दांडीवर.
मग शिष्यवृत्ती. मग जर्मनीतलं एक गाव,
ज्याचं नाव घेताना बाईंच्या घशात
माशाचा काटा अडकल्यासारखा वाटे.
तिथल्या ऑपेरात अकरा वर्षं.
ऑपेरा म्हणजे?
संगीत नाटकच हो, फक्त तिथे माणूस
मरतानाही बोलत नाही, गातो.
ठोसर म्हणाला, मग आपल्याकडे काय वेगळं होतं,
वन्समोअर आला की मेलेला उठून पुन्हा मरायचा.

अकरा वर्षं त्या पडद्यामागे.
गायकांकडून घोटून घ्यायचं,
आणि विंगेतल्या ज्या कोरसला
खड्ड्यातला मुख्य दिसत नाही
त्याला निळ्या टॉर्चने इशारा द्यायचा.
एका रात्री बर्फात मुख्याची गाडी अडकली
आणि बाई खड्ड्यात उतरल्या.
साडेतीन तास.
पेपरात दोन ओळी आल्या, नाव चुकवून.
तिसऱ्या दिवशी पुन्हा टॉर्च.

एवढंच? कमल सुरडकरने विचारलं.
एवढंच, म्हणत बाईंनी बिस्कीट बुडवलं
आणि ते कपातच राहिलं.

साचेखात्यात आम्ही बोटांनी बोलायचो.
दोन बोटं: धागा तुटला.
मूठ: जॉबर येतोय.
तळहात छातीवर: घरून निरोप आलाय, चांगला नाही.
बाईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं
आणि पुढच्या रविवारी आमच्याच बोटांनी
आम्हाला गायला लावलं.

उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये म्हणतात.
बाईंचा उजवा नुसता चालायचा, एक दोन तीन चार,
साच्यासारखा, कुणाकडे न बघता.
डावा मात्र पंगतीत वाढणाऱ्या थोरल्या सुनेसारखा,
कुणाच्या पानात काय कमी ते त्याला माहीत.
मूठ वळली की आम्ही आवाज खाली घ्यायचो, जॉबर आला.
दोन बोटं दिसली की कुणीतरी तुटलाय,
शेजाऱ्याने गाठ मारायची.
गाठ मारणं आम्हाला शिकवावं लागलं नाही.

गांधी हॉलात कार्यक्रम झाला तेव्हा
इंदूरने बाईंची पाठ पाहिली, कमरेला खोचलेला पदर पाहिला.
आम्ही चेहरा पाहिला.
शेवटच्या गाण्यात, तिसऱ्या कडव्याला,
बाईंचा डावा तळहात छातीवर आला.
तालमीत हे नव्हतं.
उजवा चालूच होता.
आम्ही बत्तीस जण, एकमेकांकडे न बघता,
आवाज इतका खाली नेला
की फक्त ओठ हलत होते, असं नंतर कुणी सांगितलं.
मला काय कळणार?

निरोप होता, दुखणं होतं,
की नुसता पदर सावरला, कुणीच विचारलं नाही.
घाम पुसत बाई म्हणाल्या,
बासवाले अर्धी मात्रा मागे होते.

नातीने मोबाईलवर सगळं घेतलंय.
परवा तिने तो माझ्या कानाला लावला,
आवाज पूर्ण वाढवून.
साचेच ऐकू आले.
मी तिच्याकडे बघून मान डोलावली,
आणि माझा डावा हात
आपोआप थोडासा वर गेला.