बांध

कंठमण्याच्या वर दोन आडवी बोटं.
तिथून दोन्ही कानांच्या पाळीमागे जाणारा झोळ,
दोरीवर ओलं धोतर टाकल्यावर पडतो तसा.
त्याच्या खाली सगळं साफ.
गेनबा बिडवे हे सांगतात रास्ता पेठेतल्या दुकानात,
सांगतात कमी, माझी मान जास्त वळवतात.

मी भूमापन खात्यात तेहतीस वर्षं.
हवेली तालुक्यातल्या ज्या टॉवरांना आज बाविसावा मजला आहे
तिथे मी ज्वारीतून साखळी ओढली आहे.
निवृत्त झाल्यावर दाढी राखली.
म्हटलं, हद्द आखणं आपल्याला काय नवीन.

वडिलांचा वस्तरा काढला, शिंगाच्या मुठीचा.
धनकवडीत नळाचं पाणी सातला जातं,
म्हणून साडेसहाला आरशासमोर.
सोमवारी उजवा गाल एक केस खाली गेला.
मंगळवारी डावा त्याच्या बरोबरीला आणला,
तो जरा जास्तच आला.
बुधवारी उजवा.
लोक बांध कोरतात ना, तसं:
नांगर दरसाल वीतभर आत,
आणि शेजारी ओरडत नाही तोवर
आपण काही केलंच नाही.
पंधरवड्यात दाढी हनुवटीपुरती उरली,
सात भावांच्या वाटणीत आलेल्या दोन गुंठ्यांसारखी.
हेमलता म्हणाली, "संपली का मोजणी?"

बिडवे हसले नाहीत.
"तीन आठवडे वस्तऱ्याला हात लावू नका.
आधी पीक येऊ द्या."

मग शिकवलं.
फेस रेघेवर चढू द्यायचा नाही,
बोटाने पुसून कड उघडी ठेवायची.
पातं रेघेवर टेकवून तिच्यापासून लांब न्यायचं.
रेघेकडे यायचं नाही.
येणाऱ्याला थांबता येत नाही.
अंगठ्याने कातडी ताणायची, पण ताणलेली कातडी खोटं बोलते,
मधूनमधून सोडून बघायचं.
दात आवळायचे नाहीत.
"आणि डावा गाल तुमचा अर्धं पेर बुटका आहे.
जन्माचाच असणार.
राहू द्या त्याला त्याच्या जागी."
चामड्याच्या पट्ट्यावर पातं जातं, येतं.
इतकंच ऐकू येतं मग बराच वेळ.

गेल्या महिन्यात दुकानाच्या आतल्या भिंतीवर लाल रेघ आली.
रस्तारुंदी.
खुर्चीपासून पुढचं सगळं रस्त्याचं,
आरसा रस्त्याचा, तुरटीची वाटी रस्त्याची.
बिडवे माझ्या गळ्यावर पातं टेकवून तिच्याकडे बघत होते.
"चार बोटं आत आलीय ही.
मारणाऱ्याचा हात रेघेकडे येत होता, लांब जात नव्हता."

मी गप्प बसलो.
वस्तरा गळ्यावर होता म्हणून नाही.
त्या संयुक्त मोजणीच्या नकाशाखाली, उजव्या कोपऱ्यात,
माझी सही आहे.
शुक्रवार होता, पाच वाजत आले होते,
मागच्या गल्लीत कुणाची तरी म्हैस आडवी बसलेली,
शेवटची तीन घरं आम्ही अंदाजाने धरली.
चहा सांगितला होता.

त्यांनी तुरटी फिरवली. झोंबली.
"म्हणजे लागलंय कुठेतरी," म्हणाले.
"रक्त दिसत नाही. पण लागलंय."
टॉवेलने मान पुसली, मागचा आरसा धरून दाखवला.
झोळ सरळ होता. म्हणजे जसा हवा तसा वाकडा.

मी उठलो, पैसे दिले, दारापर्यंत गेलो.
पँटच्या खिशात टेप अजून असतो. सवय.
परत येऊन त्याचं एक टोक बिडव्यांच्या हातात दिलं.
म्हटलं, त्या कोपऱ्यातल्या खांबाशी धरा.
घट्ट धरा.
फार ताणू नका.