घडी

डुलुथच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
दारावर पाटी : समुपदेशक.
यादीत चारशे बारा नावं.
आणि मी एकटी.

शुक्रवारी मिनियापोलिसहून एक बाई आल्या,
आम्हाला स्वास्थ्य शिकवायला.
म्हणाल्या, डोळे मिटा, एखादी शांत जागा आठवा.
मला आठवली सामानाची खोली,
जिथे नोव्हेंबरात एकदा
टिश्यूचे खोके मोजायच्या निमित्तानं
मी अकरा मिनिटं नुसती उभी होते.
जाताना त्यांनी प्रत्येकाला एक रबरी चेंडू दिला,
पिळायला.

आज एमेट आला. सातवीतला.
तीन आठवडे येतोय, बोलत नाही.
खिडकीतून बघत राहतो गोठलेल्या बंदरात
हिवाळ्यापुरती अडकलेली जहाजं.
आज चुकून माझ्याच खुर्चीत बसला.
ती डुगडुगली.
"ही केव्हापासून अशी?"
मी म्हटलं, चालतंय.
कराडहून फोनवर आईसुद्धा
गुडघ्यांबद्दल हेच म्हणते.

तो वाकला.
माझ्याच सहीचा पास, वर्गाबाहेर यायचा,
चार घड्या घालून पायाखाली सारला.
मग आपल्या जागी जाऊन
घंटा होईतो गप्प.

चार वाजले. सात निरोप आलेले,
त्यातला एक वाईट.
ऐकायच्या आधी मी बसून पाहिलं,
हळूच एकीकडे कलून, मग दुसरीकडे.
हलली नाही.

झाडायला येणाऱ्या मिस्टर लेहतोंसाठी
टेबलावर चिठ्ठी ठेवली :
खुर्चीखालचा कागद
कचरा नाही.